अप्पांच्या काचेतला दाणा

वैजूअप्पा कुणाच्याही घरात शिरले की आधी माणसाकडे बघत नाहीत, दिव्याकडे बघतात. मग त्या उजेडाची चव सांगतात. आमच्या ट्यूबलाइटखाली उभं राहून म्हणाले, "फिका हाय." सरपंचांच्या नव्या एलईडीला तर तोंड वाकडं करून खारट ठरवलं. सरपंच बिचारे बल्बची गॅरंटी सांगत बसले.

सवयच तशी. परळीजवळच्या आमच्या सहकारी साखर कारखान्यात ते केमिस्ट होते, जन्म रस चाखण्यात गेला. मी तिथलाच टाइमकीपर. पाऊस रुसला, ऊस संपला, कारखान्याला कुलूप लागलं आणि कॉलनी रिकामी झाली. उरली आमची दोन घरं. दोन कसली, दीडच. कारण अप्पांची बायको, म्हणजे आमच्या काकू, मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर मुलीकडे पुण्याला गेल्या. घरातला पांढरा दिवा डोळ्यांत टोचतो, त्याचं काहीतरी करा, मग येते, असं सांगून गेल्या.

दुसरा कुणी पिवळा बल्ब लावून मोकळा झाला असता. मी आणून दिलाही. "काकवी हाय ही," म्हणून अप्पांनी तो परत केला. त्यांनी कुठेतरी वाचलं होतं, की काच वितळवून, थंड करून पुन्हा बेताने तापवली तर तिच्या पोटात बारीक स्फटिक धरतात. त्यात ठरावीक पूड असेल, तर निळ्या दिव्यापुढे धरल्यावर ती काचच मऊ उजेड देऊ लागते. झालं! "म्हंजी साखरच की हो, टाइमकीपर," म्हणाले आणि स्वतःकडेच राहिलेली कारखान्याच्या लॅबची किल्ली घेऊन निघाले.

लॅबच्या भट्टीत काच शिजू लागली. पूड कुरिअरने यायची. पण चकती निघायची ती दुधासारखी पांढरी, उजेड आतच अडकायचा. आमच्या हिने त्या चकत्या गरम पातेल्याखाली घ्यायला सुरुवात केली. मला वैताग यायचा. उन्हाळ्यात प्यायला पाणी नाही आणि हा गृहस्थ भट्टी पेटवून बसलाय, याला म्हणायचं काय!

एकदा मधेच वीज गेली, भट्टी लवकर निवली आणि चकती निघाली नितळ. तेव्हा कुठे अप्पांच्या डोक्यात उजेड पडला. दाणा टपोरा व्हावा म्हणून ते काच भट्टीत मुरवत होते, साखर मुरवावी तशी. काचेत मात्र मोठा दाणा उजेड अडवतो, तो डोळ्यांना दिसताच कामा नये.

दिवेलागणीला त्यांनी चकती घरातल्या निळ्या दिव्यापुढे बसवली. खोलीत असा निवांत उजेड पसरला की मी खुर्ची ओढून बसलोच. त्यांनी लगेच काकूंना व्हिडिओ कॉल लावला. फोनमध्ये सगळं पांढरंच दिसत होतं. काकू छान आहे म्हणाल्या, जेवलात का विचारलं, नातीला क्लासला सोडायचंय म्हणून फोन ठेवला. येण्याचं काही बोलल्या नाहीत.

मला राहवलं नाही. काकू आमच्या हिच्याशी फोनवर बोलतात. त्यांचे डोळे केव्हाच बरे झालेत, त्यांना या ओसाड कॉलनीत यायचंच नाही. मी ते अप्पांना सांगून टाकलं.

अप्पा धोतराच्या सोग्याने चकती पुसत राहिले.

"ठाव हाय मला," म्हणाले. "पर तिनं दिव्याचं कारण दिलं, लई बरं केलं. पाण्याचं दिलं असतं, तर मी काय केलं असतं?"