बारा मीटरचा पंप

सासऱ्यांच्या घरी नवा पंप बसवण्याआधीच जावईबापूंनी जुना भंगारात देऊन टाकला होता. आत्मविश्वास असावा तर असा! नव्या पाण्यासाठी गच्चीवरची टाकीही रिकामी करून, घासून ठेवली होती. खोक्यावर कसलासा आलेख होता आणि त्याखाली ठळक अक्षरांत दोन आकडे: उंची बारा मीटर, पाणी मिनिटाला शंभर लिटर. टाकी बरोब्बर बारा मीटरवर होती. आणखी काय हवं?

पंप सुरू झाला. तो आवाज ऐकून सासऱ्यांनी बादलीतलं शेवटचं पाणी बिनधास्त अंगावर घेतलं आणि सर्वांगाला साबण फासला.

"पाणी कुठंय?" बाथरूममधून गर्जना झाली.

"येतंय, बाबा! चढायला वेळ लागणारच!"

जावईबापू गच्चीवर धावले. टाकी ठणठणीत कोरडी. खाली धावले. पंप झकास चालू. लग्नापासून पहिल्यांदाच सासऱ्यांनी त्यांच्यावर एखादं काम सोपवलं होतं. जिन्यात बायको खोकं घेऊन उभी होती.

"अहो, ही रेघ उतरती आहे. उंची बारा, तिथं पाणी शून्य. पाणी शंभर, तिथं उंची शून्य."

"म्हणजे दोन्ही एकदम नाही मिळत?"

"तुम्ही नुसती दोन टोकं वाचलीत!"

"मग पाणी मिळणार कुठं?"

"जितकं खाली जाल, तितकं जास्त."

खाली, तळमजल्यावर, त्याच पाइपाला नळ होता. पण तो थोरल्या काकांच्या घरात. काका म्हणजे सासऱ्यांचे सख्खे भाऊ. गच्चीच्या किल्लीवरून दोघांचा कित्येक वर्षांचा अबोला.

"मेलो तरी त्याच्या दारात जाणार नाही!" सासरे आतून ओरडले.

मग साबण वाळला. अंग खाजू लागलं. मरण पत्करणं वेगळं आणि खाज सोसणं वेगळं. टॉवेल गुंडाळून सासरे जिना उतरले.

काकांनी दार उघडलं, धाकट्या भावाला नखशिखांत न्याहाळलं.

"रडतोयस?"

"डोळ्यात साबण गेलाय."

"लहानपणापासून डोळे मिटायचं कळत नाही तुला. ये आत."

नळ धो धो सुटला. पाठोपाठ किल्लीवरून भांडण ऐकू आलं, आणि बऱ्याच वेळाने दोघांचं हसणं. जावईबापूंना इतकं हायसं वाटलं की ते जिन्यातच बसले.

दुसऱ्या दिवशी रेघेचा मधला भाग नीट वाचून त्यांनी योग्य पंप आणला. जिन्यात सासरे भेटले, खांद्यावर टॉवेल टाकून खाली निघालेले.

"बाबा, हा नक्की वर पाणी चढवेल. बसवू?"

"बसवा की," सासऱ्यांनी आवाज खाली आणला. "फक्त वर पाणी येतंय हे खाली कळू देऊ नका."