सुनीलची सव्वा मूठ

सौरवारा लांब जाऊन दमतो, असं आमच्या नानांसमोर चुकूनही म्हणायचं नाही. देवपुरातल्या एका व्याख्यानात पाहुणे तसं बोलून गेले, तर हे माझे सख्खे काका पहिल्या रांगेतून उठले ते आभार मानून होईपर्यंत बसलेच नाहीत. लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाले, पण शिकवणं काही सुटलं नाही. भाजीवालीलासुद्धा सोडत नाहीत. सूर्यातून कणांचा वारा निघतो, सुरुवातीलाच वेग घेतो आणि मग ग्रहामागून ग्रह ओलांडत जवळजवळ त्याच वेगानं जातो. अंतर दुप्पट झालं की दाटी चौथ्या हिश्शावर येते. "पातळ होतो, दमत नाही!" हे पालुपद ठरलेलं. शेवटी कुठंतरी अडतच असेल ना, असं मी एकदा खवचटपणे विचारलं. अडतो म्हणाले, पण सगळे ग्रह मागं टाकल्यावर, आणि तिथपर्यंतचं अंगण सूर्याचंच.

बरं बाबा, ऐकून घेऊ. पण कानबाईच्या सणातही हेच?

श्रावणात आमच्याकडे खानदेशात कानबाई देवी बसते. तिच्या नैवेद्याच्या जाड पोळ्यांसाठी, म्हणजे रोटांसाठी, घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू घेतात, आणि ते रोट भाऊबंदांनीच संपवायचे, बाहेर द्यायचे नाहीत. नानांचा सुनील कॅनडात. नऊ वर्षांत फिरकला नाही. आधी रोज फोन, मग रविवारी, आता सणासुदीला दोन मिनिटं. काकू गेल्यापासून नाना एकटेच. यंदा माझी आई म्हणाली, सुनीलची मूठ राहू द्या, खाणार कोण? मीही दुजोरा दिला. तो तिकडं मजेत, आणि त्याचे रोट आम्ही कोंबायचे?

नानांनी लगेच वारा काढला. लांब गेलेलं पातळ होणारच, म्हणून आपलं राहत नाही का? माझं डोकं फिरलं. "वाऱ्याचं सोडा नाना, तो येत का नाही ते सांगा," मी म्हणालो.

चिडले की नाना अहिराणीवर येतात. परात त्यांनी स्वतःकडं ओढली.

"मना आंडोर शे तो. त्यानी मूठ पडीच."

पोरगा त्यांचा, मूठ पडली. सांडलेले दाणेही वेचून परातीत टाकले.

तिसऱ्या दिवशी मी गेलो, तर नाना ओट्याशी उभे राहून कडक झालेला रोट दुधात भिजवून खात होते. दात नाहीत, तरी.

"फोन आला तर त्याला सांगायला हवं ना," ते म्हणाले, "तुझा वाटा संपला म्हणून."

मी अर्धा मागितला. नानांनी एवढासा तुकडा दिला, आणि बाकीचा स्वतःच खाल्ला.