जाडीला पुरेल अशी चेन

"लाकूड म्हणजे काय हो? न टिकटिकणारं घड्याळच ते! कुठे हात घालायचा एवढं कळलं की झालं!"

असं म्हणून घड्याळजींनी छाती फुगवली, आणि खिशाला अडकवलेलं भिंग टपकन खाली पडलं.

घड्याळजींचा जीवच मुळी घड्याळातल्या केसाएवढ्या कमानीचा. सदा थरथरता! घड्याळदुरुस्तीच्या दुकानात मोहरीएवढे स्क्रू चिमट्याने उचलताना तेवढे हात स्थिर. बाकी माणूस म्हणजे तापल्या तव्यावरची लाही. जेवताना पाय हलतोय, बोलताना बोटं वाजतायत, झोपेत कूस बदलता बदलता चादरीची दोरी झालेली. बायको म्हणायची, "तुम्हाला किल्ली कोण देतं हो? एकदा भेटू दे मला!"

तर अशा या घड्याळजींच्या अंगणातलं जुनं झाड वादळाने आडवं केलं. पिढ्यान्‌पिढ्या पाखरांनी ज्याच्या अंगाखांद्यावर भांडावं आणि संध्याकाळी पुन्हा गळ्यात गळे घालून झोपावं, असं ते झाड. मागच्या दारापासून कुंपणापर्यंत सरळ झोपलं. लाकूड कसलं, लोखंडच! घड्याळजींनी कुऱ्हाडीचा एक घाव घातला. झाडाला काही कळलंही नाही. कुऱ्हाड मात्र उसळून परत आली आणि घड्याळजींचे दात पुढे बराच वेळ आपापसात बोलत राहिले.

इकडे घरातलं सरपण संपत आलेलं. आणि हिवाळाभर राहायला सासूबाई येणार होत्या! त्यांचे गुडघे गारठ्यात करकरायचे. "आई, तू ये तर खरी, तुझ्या खोलीत शेगडी रात्रंदिवस धगधगत ठेवू," असं बायकोने कबूल करून टाकलं होतं. सासूबाई जावयाला पाठीमागे 'टिकटिक' म्हणत. कधीकधी पुढ्यातही म्हणत.

"लाकूडतोड्याला बोलवा," बायको म्हणाली.

"का? मी काय मेलोय?"

"मेला नाहीत म्हणूनच म्हणते, बोलवा!"

झालं! घड्याळजी पेटले. गुपचूप एक चेनसॉ, म्हणजे दातेरी साखळीची यांत्रिक करवत, आणायचा, सासूबाई यायच्या आत झाडाची रास करायची आणि दोघींना चाट पाडायचं, असा बेत ठरला. बायकोला यातलं अक्षर कळता कामा नये. कळलं असतं तर तिने यंत्रासकट घड्याळजींना कोठीत कोंडलं असतं.

पण यंत्र निवडायचं कसं? दुकानात बघावं तर यंत्रांची जत्रा! विजेवरचं, बॅटरीवरचं, पेट्रोलवरचं! घड्याळजींना आवडलं बॅटरीवरचं, सगळ्यांत लहान. हातात धरून बघितलं, कानाशी नेऊन बघितलं.

"साहेब," दुकानदार म्हणाला, "याने झाडाची दाढी होईल. कठीण लाकूड आहे ना? मग पेट्रोलवरचं घ्या. आणि पातं बुंध्यापेक्षा मोठं हवं. जाडी किती आहे?"

"जाडी मोजली नाही बुवा."

"मोजा आणि फोन करा."

घड्याळजींनी बायको मागे भांडी घासत असताना फीत घेऊन बुंधा मोजला आणि बाहेरच्या खोलीत येऊन, तोंडावर हात धरून फोन लावला. भांडी घासून झाली होती हे त्यांना कळलं नाही. पडद्यामागे बायको फडक्याने हात पुसत उभी होती.

"हं, मीच बोलतोय," घड्याळजी कुजबुजले. "ती चेनची गोष्ट… सोळा इंची? छे छे, सोळा नाही पुरायची. जाडी भरपूर आहे हो!"

पडद्यामागचं फडकं थांबलं.

"नाही, सगळीकडे सारखी नाही. वर कमी, मधे जास्त, आणि खाली तर विचारूच नका!… वय? असेल माझ्याच वयाचं… कठीण? अहो, अति कठीण! परवा हात लावायला गेलो तर खांद्यापर्यंत झिणझिण्या आल्या!… अठरा इंची? जाडीला पुरेल ना पण? मग अठराचीच द्या. आणि घरी फोन करू नका, बायकोला चाट पाडायचंय!"

पडद्यामागे बायकोच्या एका डोळ्यात सोन्याचं पाणी आलं, दुसऱ्यात रागाचं. चेन! लग्नाला इतकी वर्षं झाली, या माणसाने कधी गजराच्या घड्याळाशिवाय काही दिलं नव्हतं. आणि आता अठरा इंची चेन! पण जाडी? मी जाडी? परक्या सोनाराजवळ? आणि खाली विचारूच नका?

बराच वेळ सोनं आणि राग यांची झोंबाझोंबी झाली. सोनं जिंकलं. ती आरशापुढे गेली, मान तिरकी केली आणि आपल्याच नादात गुणगुणली,

"गळा मोकळा मोकळा, जसं पहाटेचं आभाळ,
कुणी आणीलं चांदणं, आता उगवेल सकाळ."

मग भराभर चक्रं फिरली! तिने आईला कळवलं. शिंपीणबाईकडून नव्या पोलक्याचा गळा चार बोटं खोल करून आणला. साखर सोडली. आणि घड्याळजींच्या दुधावर मात्र जाड साय येऊ लागली. 'झाडाच्या काळजीने नरमली बिचारी,' असं समजून घड्याळजी साय ओरपत राहिले.

खोकं आलं, ते नेमकं सासूबाईंच्या पाठोपाठ! सासूबाई सामान उतरवून, गुडघे चोळत खुर्चीत टेकतात तोच घड्याळजी पोटाशी खोकं धरून धापा टाकत आत शिरले.

"इतकं मोठं?" सासूबाई पुटपुटल्या. "जावईबापू, चेन आणलीत की नांगराचा साखळदंड?"

"तुम्हाला कुणी सांगितलं, आई?" घड्याळजींचा चेहरा पडला.

बायको पुढे आली. खोल गळा, मिटलेले डोळे, वर केलेली हनुवटी. "घाला ना आता!"

"कुठे?"

"गळ्यात!"

"गळ्यात?" घड्याळजी दोन पावलं मागे सरले. "अगं, वेड लागलं का? मुंडकं उडेल!"

"सोन्याने कधी मुंडकं उडतं का हो?" सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनीच खोक्याचं झाकण उघडलं. आत केशरी रंगाचं यंत्र दात विचकून हसत होतं.

भिंतीवरची सगळी घड्याळं तेवढी टिकटिकत राहिली.

"चेन… चेनसॉची," घड्याळजी म्हणाले. "झाड कापायला."

"आणि जाडी कोण?" बायकोने डोळे उघडले.

"बुंध्याची जाडी गं! बुंध्याची!"

"आणि खाली विचारूच नका, तो कोण?"

"तोही बुंधाच!"

बायकोने कमरेवर हात ठेवले. तेच वाईट! घड्याळजींनी यंत्र उचललं आणि अंगणात धाव घेतली. आता इज्जत वाचवेल तर ते झाडच.

पण यंत्र खोक्यातून काढून तसंच चालवायचं, हे घड्याळजींच्या रक्तात नव्हतं. आधी खोललं. पुसलं. फुंकर मारली. पुन्हा जोडलं. पेट्रोल भरलं, चेनचं तेल भरलं, चष्मा चढवला, हातमोजे घातले. दोरी ओढली. खरखर. पुन्हा ओढली. फुर्रर्र! आणि मग असा गरजला तो राक्षस की कुंपणावरची पाखरं शेजारच्या गल्लीत बिऱ्हाड घेऊन गेली!

घड्याळजींनी पातं बुंध्यावर टेकवलं. धूर निघाला. दाबलं. अजून धूर निघाला. लाकडावर भाजल्याचा काळा पट्टा उमटला, बस. सगळं अंगण धुराने भरलं, पण झाडाला साधा ओरखडा नाही!

"बंद करा!" सासूबाई दारातून ओरडल्या. काठी टेकत जवळ आल्या, यंत्र निवेपर्यंत थांबल्या, मग वाकून चेनकडे पाहिलं आणि तोंडाला पदर लावला. "जावईबापू, दात पाठमोरे बसवलेत! माझी कवळी उलटी बसली की मीसुद्धा अशीच नुसती कुरकुर करते, चावत नाही!"

घड्याळजींनी पाहिलं. खरंच की! जन्मभर घड्याळं पाठीकडून उघडलेली. पाठीकडून बघणाऱ्याला काटे उलटेच फिरताना दिसतात. हाताने सवयीने चेनही त्याच दिशेने चढवली होती!

चेन पालटली. पातं लोण्यात जावं तसं लाकडात उतरलं! पहिला ओंडका धप्पकन पडला. पण यंत्राच्या हादऱ्यांनी घड्याळजी पार हलून गेले होते. भुवया थरथरत होत्या, 'जमलं' म्हणायला गेले तर 'ज-ज-ज' एवढंच बाहेर आलं.

"द्या इकडे," बायको म्हणाली. चष्मा घेतला, मोजे चढवले, पाय रोवून उभी राहिली.

"जाडी भरपूर?" घर्रर्र! ओंडका!

"सगळीकडे सारखी नाही?" घर्रर्र! ओंडका!

"खाली तर विचारूच नका?" घर्रर्र! हा ओंडका घरंगळत थेट घड्याळजींच्या पायाशी आला. त्यांनी पाय काढून घेतला.

दिवस कलला तेव्हा अंगणात झाड नव्हतं; ओंडक्यांची रास होती. बायकोने चष्मा काढला. खोल गळ्याभोवती पिवळाधमक भुसा बसला होता, उतरत्या उन्हात चमकत होता. घड्याळजी बघतच राहिले. पहिल्यांदाच त्यांचा पाय हलायचा थांबला.

"सोन्याचीही आणतो गं," ते हळूच म्हणाले.

"किती इंची?"

"तू म्हणशील तितकी."

"अठराच. जाडीला पुरते म्हणे!" आणि ती खदखदून हसली. घड्याळजींचा जीव भांड्यात पडला!

आता फक्त शेगडी! सासूबाईंच्या खोलीत घड्याळजींनी ऐटीत उरलंसुरलं कोरडं सरपण पेटवलं आणि वर आपल्या झाडाचा जाडजूड ओंडका ठेवला. तिघंही हात पुढे करून बसली.

ओंडका फुसफुसला. टोकातून पाणी सुटलं, बुडबुडे आले. मग जाळ विझला आणि धुराचा असा लोट उठला की सासूबाई दिसेनाशा झाल्या.

"ओलं आहे हो!" धुरातून सासूबाईंचा खोकत खोकत आवाज आला.

"परवापर्यंत उभं होतं ना," घड्याळजी डोळे चोळत म्हणाले. "वाळलं की बघा कसं धगधगेल! सगळ्यांत चांगलं सरपण म्हणजे हेच!"

"वाळेल कधी?"

"कठीण लाकूड आहे, आई! निदान दोन हिवाळे तरी…"

खोकला थांबला. धुरात खुर्ची सरकवल्याचा आवाज आला, शेगडीच्या आणखी जवळ.

"वाळू दे सावकाश," सासूबाई म्हणाल्या. "मला कुठे घाई आहे!"