शत्रुघ्नदादांची रिकाम्या पोटी तपासणी

वटारच्या शत्रुघ्नदादांनी शेजारच्या फर्डिनंडला त्याच्या मेलेल्या बापाच्या नावाने हाक मारली आणि मनवेलपाड्यात राहणाऱ्या त्यांच्या मुलाला, कल्पेशला, एकाएकी बापाची काळजी वाटू लागली. मेंदू साखर किती वापरतो, रक्त कुठे कमी पोचतं, हे दाखवणारी तपासणी त्याने ठरवून टाकली. रिपोर्ट वाईट आला की बाबा त्याच्या चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आणि केळीच्या वाडीच्या जागी लग्नाचा लॉन, इथपर्यंत त्याची काळजी पोचली होती.

"बाबा, सकाळी काही खायचं नाही. साखर तर अजिबात नाही. साखर पोटात गेली की तपासणी होत नाही," त्याने चारदा बजावलं.

निघताना बायजाबाईंनी नवऱ्याच्या हातावर दही-साखर ठेवली. महत्त्वाच्या कामाला त्यांच्या घरातून कुणी कोरड्या तोंडाने गेलेलं नाही.

"आजोबा, काही खाल्लंत?" तपासणी केंद्रातल्या टिफनीने विचारलं.

"दही-साखर."

तारीख पुढे गेली. दुसऱ्या खेपेला देवळातला पेढा निघाला. तिसऱ्या खेपेला कल्पेश पहाटेपासून बापासमोर खुर्ची टाकून बसला, तरी केंद्राच्या दारात दादांनी खिशातून चिक्की काढून तोंडात टाकलीच.

"बघा डॉक्टर!" कल्पेश आत शिरता शिरता जवळजवळ आनंदाने म्हणाला. "दर वेळी सांगतो, दर वेळी विसरतात."

"विसरतो कोन?" दादा उखडले. "साखर खाल्ली का तपासनी बंद, तूच बोललास ना? तो लॉनवाला वाडी मोजून गेला, तेपन ध्यानात हाय माझ्या. सोमवारी आलेला, मी बाजारात गेलेलो तवा!"

दादा मनातून घाबरले होते. उरलेली चिक्कीही त्यांनी तोंडात कोंबली.

डॉक्टरांनी फाईल मिटली. "ठरवून तीनदा तपासणी बुडवणारा मेंदू सध्या तरी बरा चाललाय. सहा महिन्यांनी बघू."

 परत येऊन वटारला उतरले तर वाडीतली मोटार धडधडत होती. पहाटे कल्पेश यायच्या आधीच दादांनी सुरू केलेलं पाणी केळी भिजवून रस्त्यावर आलं होतं. दादांचा चेहरा पार उतरला.

"मोटार कोणी चालू ठेवली?" कल्पेशने विचारलं.

सोबत गेलेल्या बायजाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "मी. डोक्यातून गेलं बग."

कल्पेश घोटाभर पाण्यात उभा राहून आईला नीट निरखू लागला. मग त्याने फोन काढून केंद्राचा नंबर लावला.

"आई, तुला गुरुवार चालेल?"