साळूमावशीनं क्लचची वायर कशी आवळली

एका जंगलात एक घाट होता. सिंहही होता. सिंह सगळ्याच जंगलांत असतो. पण आपली गोष्ट घाटाची आहे, म्हणून घाट आधी सांगितला.

नीट बसा. गोष्ट ऐकताना लोळायचं नाही.

अर्धं जंगल घाटाच्या पायथ्याला राहायचं, अर्धं वरच्या माळावर. वरचे मीठ न्यायला खाली यायचे, खालचे लग्नाला वर जायचे. पूर्वी सगळे चालायचे. मग मोटारसायकली आल्या. जुन्याच आल्या. जंगलात नवं काही येत नाही. पण त्या चालायच्या.

पायथ्याला साळू राहायची. साळू म्हणजे साळिंदर. अंगभर काटे, आणि काम सुईणीचं. हसायचं काही कारण नाही. काटे पाठीवर असतात. बाळंतपण हातांनी करतात, आणि साळूचे हात मऊ होते.

तिचा नवरा जाताना एक मोटारसायकल मागे ठेवून गेला. टाकीचा रंग उडालेला, सीटला गोणपाट शिवलेलं. वरून निरोप आला की साळूमावशी किक मारायची आणि घाट चढायची. माळावर माझ्या हाताशिवाय एकही पिल्लू जन्मलेलं नाही, असं ती स्वतःच सगळ्यांना सांगायची. कोणी विचारलं नसलं तरी सांगायची.

आता सिंहाचं सांगतो.

सिंह एकदा वेलीच्या झोपाळ्यावर बसला. वेल ढिली होती. महाराज पडले. पाहिलं फक्त कावळ्यानं, आणि तो लगेच दुसऱ्या जंगलात राहायला गेला. त्याच संध्याकाळी दवंडी पिटली गेली. या जंगलात ढिलाई चालणार नाही. जे सैल दिसेल ते आवळावं. जो आवळलेलं सैल करताना सापडेल, त्याची वस्तू जप्त.

मग काय विचारता. वेली इतक्या ताणल्या की माकडांना झोका घेता येईना. सुगरणींनी घरटी आवळली, तर पिल्लं आत मावेनात. गव्यांनी शेपट्या ताठ धरल्या आणि माश्यांची चैन झाली. सशांचे कान सकाळी आणि संध्याकाळी तपासले जाऊ लागले.

साळूमावशीची अडचण वेगळीच होती. तीस पावसाळे ती बाळंतिणीला एकच गोष्ट सांगत आली होती. कळ आली की जोर लाव, कळ गेली की अंग सैल सोड. आता हे सांगणं गुन्हा झाला.

घाटाच्या तोंडाशी नाका बसला. नाक्यावर लांडगा बसला. तो अधिकारी होता. त्याच्याजवळ पाना होता. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक गाडीचा जो नट दिसेल त्याला तो एक पीळ द्यायचा. वर विचारायचा, "आता कसं वाटतं?"

"बरं वाटतं, साहेब," असं म्हणायची पद्धत होती.

आणि तेव्हापासून घाटात गाड्या अडू लागल्या.

सपाटीला गाडी ठीक चालायची. घाट लागला की इंजिन ओरडायचं आणि गाडी जागची हलायची नाही. जेवढी रेस द्यावी तेवढं ओरडायचं. जळका वास यायचा. मागे माशी बसली तर तीही न उडता बसून राहायची.

क्लच घसरतो तो असा. इंजिन आणि चाक यांच्यामध्ये गोल प्लेटा असतात. त्या एकमेकींना घट्ट चिकटल्या की इंजिनाचा जोर चाकाला मिळतो. हँडलवरचा क्लच दाबला की वायर ओढली जाते आणि प्लेटा सुटतात. सोडला की पुन्हा चिकटतात. त्या नीट चिकटल्या नाहीत तर इंजिन एकटंच फिरत राहतं. एवढं लक्षात ठेवा. बाकीचं गोष्टीत येईल.

दरबारात यावर मोठी चर्चा झाली. कोल्हा प्रधान म्हणाला, घाट वाढला आहे. पूर्वी एवढा चढ नव्हता. सगळ्यांना पटलं. घाटावर लक्ष ठेवायला दोन घुबडं नेमली. दिवसा नेमली.

साळूमावशी मात्र लखू मिस्त्रीकडे गेली. लखू वानर होता आणि त्याचं दुकान नाक्याच्या अलीकडे होतं. त्यानं इंजिनाची बाजू उघडली, प्लेटा बाहेर काढल्या. काळ्या पडल्या होत्या. नव्या घातल्या, स्प्रिंगा बदलल्या, तेल बदललं. मावशी गाडी घेऊन निघाली. नाक्यावर लांडग्यानं पीळ दिला. पहिल्या वळणावर इंजिन ओरडू लागलं.

ती परत आली. लखूनं पुन्हा प्लेटा घातल्या. ती पुन्हा गेली आणि पुन्हा परत आली.

त्याच दिवसांत माळावरच्या एका हरिणीचा निरोप आला. गाडी चढेना म्हणून मावशी चालत निघाली. साळिंदराची चाल तुम्ही पाहिली असेल. ती पोहोचली तेव्हा हरिणी भिंतीकडे तोंड करून पडली होती आणि पिल्लू झाकून ठेवलं होतं.

त्यानंतर माझ्या हाताशिवाय एकही जन्मलं नाही, असं मावशी कोणाला सांगेना.

काही दिवसांनी माळावरून धावत एक सांबर आलं. त्याची बायको हौसा अडली होती. पहिलटकरीण होती आणि पिल्लाचे मागचे पाय आधी दिसत होते.

"मावशी, चल," सांबर म्हणालं. "माझ्या पाठीवर बस."

"माझे काटे तुझ्या पाठीला सोसवणार नाहीत," मावशी म्हणाली. "तू पुढं हो. तिला म्हणावं मी आले."

ती तडक लखूकडे गेली. गाडी तिथंच उभी होती, प्लेटा नुकत्याच बदललेल्या. मावशीनं लखूचा हात धरला.

"मिस्त्री, आज गाडी अडली तर हौसा जाईल. खरं सांग, माझ्या गाडीला काय झालंय?"

लखूनं इकडे तिकडे पाहिलं. नाका दिसत होता.

"माझ्या दुकानातून निघते तेव्हा तुझ्या गाडीला काहीही झालेलं नसतं."

"मग कुठं होतं?"

"ते मला विचारू नकोस, मावशी. मला लेकरं आहेत."

एवढं बोलून त्यानं फळीखालून एक चिंचोका काढला आणि हँडलवरचा क्लचचा दांडा आणि त्याची बैठक यांच्या फटीत धरला. चिंचोका नेमका मावला. पूर्वी सगळे मिस्त्री असंच मोजायचे. मावशीचा नवराही मोजायचा. लखूनं चिंचोका तिच्या हातात दिला आणि पाठ फिरवून दुसऱ्याच गाडीचं चाक फिरवत बसला.

मावशी नाक्यावर आली. लांडग्यानं सवयीनं क्लचच्या वायरीचा नट पकडला आणि पीळ दिला. दांड्याची फट मिटली.

"आता कसं वाटतं?"

मावशीनं त्या मिटलेल्या फटीकडे पाहिलं. तिच्या डोक्यात उजेड पडला. वायरीला एका चिंचोक्याची मोकळीक हवी असते. ती काढून घेतली तर कोणी हात न लावताही क्लच थोडा दाबलेलाच राहतो. प्लेटा पुऱ्या चिकटतच नाहीत. घाटाचा यात काही संबंध नव्हता.

"बरं वाटतं, साहेब," ती म्हणाली.

पहिल्या वळणावर चिंचेचं झाड होतं. तिथवर गाडी रडत रडत गेली. झाडाआड थांबून नट सैल करावा, असं मावशीनं ठरवलं होतं. पाना तिनं कमरेला खोचला होता.

पण झाडाखाली आधीच कोणीतरी थांबलं होतं. सिंह होता.

महाराज त्या दिवशी घाटाला समज द्यायला निघाले होते. स्वतःच्या मोटारसायकलवरून निघाले होते, कारण प्रजेला तसं आवडतं. त्यांची गाडी लांडग्यानं सगळ्यांपेक्षा जास्त प्रेमानं आवळली होती. त्यामुळे ती पहिल्या वळणालाच बसली. घाटाला काय बोलायचं ते महाराज विसरले होते आणि आयाळीला जळका वास लागला होता.

खबर लागून लांडगाही मागोमाग धावत आला. आता झाडाखाली तिघं होते. सिंह, लांडगा, आणि कमरेला पाना लावलेली साळू.

मुलांनो, इथं जरा विचार करा. नट सैल करताना सापडली तर गाडी जप्त. गाडी गेली की माळावरच्या बायका तिच्या हातून कायमच्या गेल्या. आणि सैल नाही केला तर आज हौसा गेली. वरून तिचं ओरडणं ऐकू येत होतं.

"सुईण ना तू?" सिंह म्हणाला. "तुझीही अडली वाटतं."

"अडली, महाराज."

"हा घाट फार माजलाय."

मावशीनं महाराजांच्या गाडीकडे पाहिलं. मग महाराजांच्या पंजाकडे. त्या पंजानं आयुष्यात पाना धरला नव्हता. नट कुठल्या बाजूला फिरवला की आवळतो, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. राजाला अशा गोष्टी कोणी सांगत नाही.

"घाट माजलाय हे खरं," मावशी म्हणाली. "पण महाराज, राग येऊ देऊ नका. तुमची वायर थोडी ढिली राहिलीय."

लांडग्याचे कान पडले. तपासणीची वेळ नव्हती म्हणून निभावलं.

"माझी?" सिंह म्हणाला. "ढिली?"

"आवळून देते."

तिनं पाना लावला. पाय रोवले. पाठीचे सगळे काटे उभे केले, दात-ओठ खाल्ले, आणि बाळंतिणीसारखी कण्हत कण्हत नट फिरवला. सैल होण्याच्या बाजूला फिरवला. पाना लोण्यातून जावा तसा जात होता, पण तिच्या कपाळावरची शीर तट्ट फुगली होती. मध्ये तिनं दांड्याच्या फटीत चिंचोका धरून पाहिला.

"हे काय?" सिंहानं विचारलं.

"घट्टपणा मोजायचं माप आहे, महाराज."

लांडग्याला सगळं कळलं होतं. नट कुठल्या बाजूला फिरतो हे जंगलात त्याच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. मावशीनं त्याच्याकडे एकदा पाहिलं. तो बोलला असता, तर महाराजांची गाडी मुळात कोणी अडवली तेही बोलावं लागलं असतं. तो चिंचेच्या शेंड्याकडे बघत राहिला. शेंड्यावर काही नव्हतं.

सिंहानं किक मारली. गिअर टाकला. क्लच सोडला तशी गाडी एकदम पुढे झेपावली आणि महाराज मागच्या मागे पडता पडता वाचले.

"याला म्हणतात आवळणं," ते म्हणाले आणि वळणाआड गेले.

मावशीनं मग आपल्या गाडीचीही वायर तशीच आवळली, त्याच कण्हण्यानं. लांडगा अजून शेंड्याकडेच बघत होता.

गाडी घाट चढली. इंजिन कमी ओरडलं आणि चाक जास्त फिरलं. मावशी हौसाच्या झोपडीत पोहोचली तेव्हा महाराज दाराबाहेर उभे होते. अडलेली बाई पाहायला नाही, घाटाला हरवलं हे सांगायला. त्यांना ऐकणारं कोणीतरी हवं होतं.

आत हौसा सगळं अंग आखडून पडली होती. कायदा तिलाही माहीत होता.

"घट्ट धर, हौसा, घट्ट धर," मावशी दाराकडे तोंड करून मोठ्यानं म्हणाली.

मग खाली वाकून तिच्या कानात म्हणाली, "सोड गं माझे बाई. सगळं सैल सोड. मी हाय ना."

हौसानं सोडलं. थोड्या वेळानं पाडस बाहेर आलं, आधी मागचे पाय आणि मग डोकं. ते लगेच उभं राहायला गेलं आणि पडलं. पाय लटलटत होते. दारातून सिंहानं ते पाहिलं आणि कपाळाला आठी घातली.

"ढिलं आहे," तो म्हणाला.

"आवळेल हळूहळू, महाराज," मावशी म्हणाली.

पुढचं थोडक्यात सांगतो.

सिंहानं भर दरबारात जाहीर केलं की घाटाचं कोडं सुटलं. गाड्या अडत होत्या त्या पुरेशा आवळलेल्या नव्हत्या म्हणून. तेव्हापासून नाक्यावर एकाऐवजी दोन पीळ. साळूमावशीला बोलावून तिच्या गळ्यात पदक घातलं. पदकाची दोरी इतकी आवळली की तिला आभार मानता आले नाहीत. प्रधान कोल्ह्यानं नव्या धोरणाचं श्रेय घेतलं. लांडग्याला बढती मिळाली.

लखू मिस्त्रीनं प्लेटा बदलणं सोडलं आणि दुकानात चिंचोके ठेवायला लागला.

आजही त्या घाटात गेलात तर पाहाल. नाक्यावरून सुटलेली प्रत्येक गाडी रडत रडत पहिल्या वळणापर्यंत येते. चिंचेखाली थांबते. मालक खाली उतरतो, पाना काढतो, पाय रोवतो, दात-ओठ खातो आणि कण्हत कण्हत वायर सैल करतो. मग आरामात घाट चढून जातो. सकाळच्या वेळी तिथं रांग असते. सगळे मिळून कण्हतात, तो आवाज खाली गुहेपर्यंत जातो.

सिंह तो ऐकतो आणि समाधानानं डोळे मिटतो. आपली प्रजा किती आवळते आहे, असं त्याला वाटतं.

झोपाळा मात्र त्यानं पुन्हा कधी बांधला नाही.

तात्पर्य : काम सैल हातानंच होतं, पण करताना कण्हावं. चिंचोका खिशात असू द्या. तो कशाला, असं कोणी विचारलं तर चिंच खाल्ली म्हणून सांगा.