पोटाला रागावणारे तात्या

सणसरला मास्तर म्हणून गेलो तेव्हा ज्यांच्या घरी भाड्यानं राहिलो, ते तात्या दर सोमवारी दुपारी स्वतःच्या पोटाला रागावत. ओसरीवर बसून, चांगलं मोठ्यानं. "गप ए! तुला कुणी इचारलंय? हुकूम वरनं येतोय!" आणि कपाळावर ओला पंचा थापत.

हे खूळ बारामतीच्या एका डॉक्टरांनी त्यांच्या डोक्यात भरवलं. तात्या पेरू विकायला गेले असताना डॉक्टर म्हणाले, भूक पोटात नसतेच. मेंदूच्या तळाशी एक इवलीशी जागा आहे, ती भूक लावते. अंगातले रस रक्तातून तिथं निरोप नेतात, आणि रोजच्या जेवणाच्या वेळी ती हटकून जागी होते.

झालं. तात्या गावाला शिकवू लागले. "प्वाट निस्तं चावडीवरचा शिपाई हाय. सायेब वर बसलाय." उसाला पाणी देणाऱ्यालाही थांबवून त्याच्या डोक्यावर टिचकी मारत. "भूक हितं आस्ती, हितं!" एकदा उपासादिवशी मुद्दाम शेजारच्या चुलीपाशी जाऊन बसले, वासानं साहेब उठतो का बघायला. उठला. तोंडाला सुटलेलं पाणी पुसत परत आले आणि बायकोला म्हणाले, "लाचखाऊ हाय गं ह्यो सायेब!" काकी इतक्या हसल्या की त्यांना भिंतीला टेकावं लागलं.

काकींचाही सोमवारचा उपास असे. मुलगा आजारी पडला तेव्हा धरलेला. मुलगा गेला, सोमवार राहिला.

एका सोमवारी काकी इंदापूरला भावाकडं गेल्या होत्या. दुपारच्या सुट्टीत मी घरी आलो, तर तात्या चुलीपुढं बसून भाकरी आणि वांग्याचं कालवण खात होते.

"तात्या, आज सोमवार."

"व्हय की. पर सोमवार तिचा हाय. माझा कुठं हाय?"

"मग इतके दिवस?"

तात्या पाणी प्याले. "उपास सोड म्हणून लई सांगितलं. न्हाय ऐकत. ऐन दुपारी तिला घेरी येती, मग पोराची आठवण काढून रडत बसती. डागदर म्हनला, भूक वेळेला येती, घटकाभर नडती, आन् आपली आपण निघून जाती. म्हनलं, तेवढी घटका तिला हसवावं. आता पोट भरल्यालं माणूस उपाशी माणसाला काय हसवनार?"

मी सहज विचारलं, "मग आज तिकडं कोण?"

तात्यांचा हात ताटातच राहिला. त्यांनी बाहेरच्या उन्हाकडं बघितलं. मग उठले, हात धुतले, पटका बांधला.

"मास्तर, इंदापूरची यष्टी कवा हाय?"

"आता निघालात तरी पोचायला संध्याकाळ होईल. दुपार टळून जाईल, तात्या."

"टळू दे. दिवस मावळल्यावर ती उपास सोडती," ते वहाणा घालत म्हणाले. "तवा तरी ताटावर एकली नगं."

आणि ते सडकेच्या दिशेनं चालू लागले.