बारावी गाडी

"भाऊ, हा इंजिनाचा नंबर नाही," इकबाल मिस्त्री म्हणाला, तेव्हा सावळारामला त्याची कीवच आली.

"न्हाई कसा? बोटाएवढं आकडं हायेत! यंदा दसऱ्याला आमच्या घरच्या गवराबाईनं ह्यालाच कुंकू लावलं."

"हा साच्याचा नंबर. एका साच्यातून इंजिनाचे हजार ब्लॉक ओततात, सगळ्यांवर हेच आकडे उठतात. खरा नंबर वेगळा ठोकलेला असतो."

लढाई संपल्यावर लष्कराने लिलावात काढलेली ती गाडी सावळारामला चाकण-पुणे टॅक्सी म्हणून चालवायची होती आणि दुसऱ्याच दिवशी पासिंग होतं. उस्ताद सरदारमियाँचा कारखाना सोडून इकबालने चिंचवडला स्वतःची पत्र्याची शेड टाकली, त्याला दोन महिने झाले होते. आलेली गाडी ही एकच. ती पास झाली तर चाकणच्या सगळ्या गाड्या तुझ्याकडे आणतो, असं सावळारामने कबूल केलं होतं. नाही झाली, तर शेडला कुलूप.

इकबालने अर्धा दिवस रॉकेलने ब्लॉक घासला. काळ्या रंगाखाली, एका सपाट पट्टीवर बारीक आकडे निघाले. भिंग लावून त्याने ते चारदा वाचले आणि अर्जावर लिहिले. असं काम या टापूत दुसरा कोणी करूच शकत नाही, हे त्याने जेवताना बायकोला, सुरय्याला, तीनदा सांगितलं.

सकाळी पासिंगच्या इन्स्पेक्टरने अर्ज पाहिला, इंजिन पाहिलं, मग रजिस्टर उघडलं.

"हा नंबर कुठून काढलात? या जातीच्या अकरा गाड्या मी पास केल्यात. अकराच्या अकरा गाड्यांचा नंबर एकच आहे. तुमचाच तेवढा वेगळा?"

"साहेब, अकरा गाड्यांचा नंबर एक असेलच कसा? तिथेच तर चूक झाली!"

सावळारामने त्याच्या पायावर पाय दिला, पण उशिरा.

"म्हणजे मी अकरा वेळा डोळे मिटून सही केली?"

इकबाल सरळ माणूस. गप्प बसावं हे त्याला सुचलंच नाही. तो म्हणाला, "जी."

"इंजिन संशयास्पद. नापास!"

सावळाराम गाडी घेऊन परस्पर चाकणला गेला. दुसऱ्या आठवड्यात त्याने ती सरदारमियाँकडे नेली. उस्तादांनी फडकं मारलं, साच्याचे मोठे आकडे अर्जावर उतरवले आणि गाडी पाच मिनिटांत पास झाली. "आता कसं बरोबर लिहिलंत!" इन्स्पेक्टर खूश होऊन म्हणाला. चाकणच्या गाड्या मग उस्तादांकडेच जाऊ लागल्या.

महिन्याभरात इकबाल शेड मोडून उस्तादांच्या दारात उभा राहिला. मान खाली घालून म्हणाला, "नंबर माझाच खरा होता."

"मला ठाऊक नाही होय?" उस्ताद म्हणाले. "पाना घे."

पहिलीच गाडी सावळारामची आली. इकबालला पाहताच त्याने उस्तादांना बाजूला घेतलं.

"पोराचा हात चांगला हाय, मिस्त्री. पर नंबर तेवढा तुमीच वाचा. त्याला आकडं कळत न्हाईत."